अस्तर

नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस घरात राहून पाळलेली इद्दत संपली त्या सकाळी रुखसार अंगणात आली आणि झाडू शोधू लागली. नदीम गेला तेव्हा मूल गावाच्या आसपास धानाची रोवणी चालू होती. आता हलकं धान निघून मिलवर पडलं होतं आणि ओट्यावर, पायरीवर, तुळईवरसुद्धा तुसाची बारीक धूळ बसली होती. मधल्या सगळ्या दिवसांत अंगण तिने खिडकीच्या गजांतूनच पाहिलं होतं.

"झाडू ठेव," तिची सासू खैरुन चुलीपासून म्हणाली. "मुनाफ येऊन राह्यला दुपारी. आंघोळ करून घे."

मुनाफ रुखसारचा थोरला भाऊ. राजुऱ्याला त्याचं गॅरेज होतं. इद्दत संपली की माहेरचं माणूस येतं, बहिणीला नव्या कपड्यांचा जोडा देतं, त्यामुळे त्याच्या येण्यात रुखसारला वावगं काही वाटलं नाही. पण सासूने सकाळपासून दोनदा शिरखुर्म्याचं दूध पाहिलं होतं आणि एकदाही सुनेकडे पाहिलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं.

ती परत आतल्या खोलीत गेली. खोली अजून नदीमचीच होती. नागपूरहून आणलेल्या जुन्या कपड्यांच्या गठाणी त्याने भिंतीला लावून छतापर्यंत रचल्या होत्या. त्या बाजारोबाजार नेऊन विकायच्या, मूल, सिंदेवाही, सावली, हा त्याच्या बापाचा धंदा आणि मग दोघांचा. सिंदेवाहीच्या बाजारातून परतताना जंगलातल्या वळणावर जीप उलटली. त्या दिवशी विकायला नेलेला माल लोकांनी गोळा करून घरी पोहोचवला, आणि तोही याच खोलीत येऊन पडला.

पहिल्या दिवसांत ती त्या गठाणींकडे पाठ करून बसायची. मग एकदा लेकीच्या, अदीबाच्या दप्तराचा बंद तुटला. रुखसारने एक फाटकी जीनची पँट ओढून काढली, पाय कापले, कमरेकडून तोंड केलं, दुसऱ्या पँटीची चेन उसवून त्याला लावली. पोरगी तेच दप्तर खांद्याला अडकवून शाळेत गेली. शेजारच्या कमलाबाईने ते पाहिलं आणि आपल्या खुशबूसाठी एक मागितलं. खुशबू चंद्रपूरला कॉलेजात शिकत होती. तिच्या मैत्रिणींनी मागितलं. मग साड्यांच्या काठांचे बटवे झाले, रेशमी ब्लाउजांचे केसांचे पट्टे झाले, कोटाच्या कापडाच्या पर्स झाल्या. खोलीबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून दिवस शिवणयंत्रावर जात होता. कमलाबाई बचत गटाच्या बायांबरोबर माल घेऊन जायची आणि सगळा विकून परत यायची.

खैरुनने यंत्राचा आवाज ऐकला होता. ती काही म्हणाली नव्हती. रडण्यापेक्षा बरं, एवढंच तिने एकदा नवऱ्याला सांगितलं होतं.

जेवणं झाली. सासरे नूर मोहम्मद खाटेवर बसले. मुनाफ खुर्चीवर होता. धाकटा दीर जुबेर सकाळच्या गाडीने चंद्रपूरहून आला होता. तिथे तो रेडिमेड कपड्यांच्या दुकानात कामाला होता. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. अदीबा उंबऱ्यात बसून एका पर्सचे लोंबते धागे दाताने तोडत होती.

मुनाफ घसा साफ करून बोलायला लागणार, तेवढ्यात खैरुन म्हणाली, "पहिले नदीमचे कपडे. आज द्यायचे आहेत. मशिदीजवळच्या भैयाजीले मी सांगून ठेवलं, त्याचा पोरगा नदीमच्याच मापाचा आहे. जुबेर, पेटी काढ."

रुखसार उभी राहिली. "अम्मा, पेटीत काही नाई."

जुबेर तोवर पलंगाखालून पेटी ओढून मोकळा झाला होता. त्याने झाकण उघडलं. आत एक स्वेटर होतं, टोपी होती आणि लग्नातली शेरवानी. बाकी पेटीचा पत्रा दिसत होता.

ती पेटी खैरुनने स्वतः भरली होती. घरात लोक बसलेले असताना तिने नदीमचे शर्ट धुतले होते, वाळवले होते, बाह्या मागे घेऊन एकावर एक ठेवले होते. कुणीतरी म्हणालंही होतं, हे काम आज कशाला, दुसरी कुणी करेल. पण तिला दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको होता. आता ती पेटीच्या पत्र्याकडे पाहत राहिली आणि आपण काहीतरी विसरतो आहोत, दुसऱ्या पेटीत ठेवले असतील, असं तिला क्षणभर वाटलं.

"शर्ट कुठी आहेत?"

"कापले, अम्मा."

"काय कापले?"

"शर्ट. अस्तर लावलं पिशव्यांले." रुखसारचा आवाज हळू होता, पण शब्द सुटे होते. "गठाणीतलं कापड विरलेलं राह्यते. बाहेरून जाड दिसते, आत लावलं की फाटते. यांचे शर्ट सुती होते. मऊ होते. पहिल्या पिशवीले लावलं, मंग लावतच गेली."

"किती लावले?"

"सगळे."

"अन् पिशव्या?"

अदीबाच म्हणाली, "कमलाकाकीनं इकल्या दादी. सगळ्या गेल्या."

खैरुन खाली बसली. बसताना तिने हात टेकायला आधार शोधला, तेव्हा जुबेर पुढे झाला, पण तिने त्याला दूर सारलं. "माझ्या लेकराचे कपडे कोणाकोणाच्या खांद्यावर लटकून राह्यले असतीन आता," ती म्हणाली. "बाजारात. गाडीत. कोणी त्यात भाजी ठेवत असन. हे तुले सुचलं कसं? मी भिंतीपलीकडे होती. मले एकदा विचारायचं होतं."

"तुमी नाई म्हटलं असतं."

"हो, म्हटलंच असतं."

मुनाफने बहिणीकडे पाहिलं. त्याला तिची बाजू घ्यायची होती, पण बाजू कशी घ्यावी ते कळेना. मेलेल्या माणसाचे कपडे गरिबाला देतात, हे त्यालाही ठाऊक होतं. "रुखसार, हे बरं नाई केलंस तू," एवढंच तो म्हणाला.

"भाई, भैयाजीचा पोरगा रोज या घरापुढून जाते," रुखसार म्हणाली. "मले माहीत होतं शर्ट त्यालेच जाणार. मी खिडकीत बसून राह्यची. तो निळा चौकड्याचा शर्ट घालून गेला असता, अन् मी पाठमोरा पाह्यला असता, तं एखाद्या दिवशी मी हाक मारली असती. म्हणून कापले. अस्तराची गोष्ट खरी आहे, पण ती नंतरची."

मिलचा पट्टा फिरल्याचा आवाज लांबून येत राहिला.

नूर मोहम्मद आपल्या हातांकडे पाहत होते. आयुष्यभर त्यांनी लोकांचे उतरलेले कपडे विकत घेतले होते. गावोगाव फिरताना बाया गाठोडं आणून पुढे ठेवत, आणि कधीकधी एखादी बाई एखादं कापड हातात धरून उगाच थांबायची. सदरा असायचा, टोपडं असायचं. भाव वाढवायला थांबली, असं त्यांना वाटे. ते दुसरीकडे तोंड करून बसत आणि मग ती बाई कापड सोडून देई. त्या थांबण्याचं दुसरं काही कारण असेल, हे या वयात, स्वतःच्या घरात बसून त्यांना कळत होतं. खैरुनकडे पाहण्याचं त्यांना धाडस होईना.

"जे झालं ते झालं," ते शेवटी म्हणाले. "मुनाफ, तू काही बोलणार होतास."

मुनाफला वेळ बरी वाटली नाही. पण तो ठरवून आला होता. "अब्बा, मी रुखसारले घेऊन जातो. राजुऱ्याले एक स्थळ आहे. खाणीत नोकरी आहे, क्वार्टर आहे. बायको गेली, दोन लेकरं आहेत. माणूस सज्जन आहे, मी पाह्यलं आहे. रुखसारचं वय काही गेलं नाई. इथी या गठाणींच्या खोलीत तिनं जिंदगी काढावी, असं तुमालेही वाटत नसन."

"नाई वाटत," नूर मोहम्मद म्हणाले. "पण तिले विचारलं का?"

"चांगलं स्थळ आहे," खैरुन मध्येच म्हणाली. "जाऊ द्या तिले. पोरगी इथी राहीन माझ्याजवळ."

ती फार लवकर बोलली. रुखसारने मान वर केली. "अदीबा इथी काऊन राहीन? मी गेली तं ती माझ्यासंग येईन."

मुनाफ खैरुनकडे पाहू लागला आणि खैरुन जमिनीकडे.

जुबेरला सगळं ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात मुनाफ चंद्रपूरला दुकानावर आला होता. दोघे बाहेर चहा प्यायले होते, तेव्हा मुनाफने सांगितलं होतं की त्या माणसाला बायको हवी आहे, पण तिचं लेकरू नको. खैरुनअम्माशी बोलणं झालं आहे, त्यांना नात हवी आहे, तेव्हा दोन्हीकडचं जमतं. तू फक्त गप्प राहा. आणि जुबेर गप्प राहायला तयार झाला होता, कारण मोहल्ल्यातल्या दोघातिघांनी धाकट्या दिराशीच निकाह लावा असं सुचवलं होतं, आणि ते ऐकल्यापासून त्याला घरी यायची भीती वाटत होती. भाभीने त्याला शाळेचे डबे करून दिले होते. तिला त्या नजरेने तो पाहू शकत नव्हता. राजुऱ्याचं स्थळ ऐकून त्याची छाती हलकी झाली होती.

आता अदीबा उंबऱ्यात बसली होती. तिने धागे तोडणं थांबवलं होतं आणि ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती.

"मुनाफभाई, सांगून टाका," जुबेर म्हणाला.

"काय सांगू?"

"त्या माणसाले अदीबा नको आहे. भाभी, हे खरं आहे. मले माहीत होतं. अम्मालेही माहीत आहे. तुमी गेल्यावर अदीबा इथी राहीन, असं यांचं ठरलं आहे."

मुनाफ खुर्चीतून अर्धा उठला. "तुले बोललो होतो मी..."

"बोलले होते. पण माझ्याच्यानं नाई होत."

रुखसार भावाकडे पाहत नव्हती. ती सासूकडे पाहत होती. "अम्मा?"

"तुले माहीत होतं?" नूर मोहम्मदांनी बायकोला विचारलं.

खैरुनने पदर कपाळावर ओढला. तिचा राग आता कुठल्या कुठे गेला होता, आणि त्याच्या जागी काय आलं ते तिलाच ओळखू येत नव्हतं. "एक गेला," ती म्हणाली. "एक चंद्रपूरले राह्यते, लग्न झालं की तिथलाच होईन. तुमी दिवसभर बाजारात. मले घरात काय राह्यलं? ही आज ना उद्या जाणारच होती, जवान आहे. मंग पोरगी तरी राहो. सकाळी तिची वेणी घालतो तं मले वाटते आहे कोणी. यात मी कोणाचं वाईट केलं?"

"तिची माय तोडली असती तुने," नूर मोहम्मद म्हणाले.

"माझा लेक तुटला, तवा कोणी विचारलं मले?"

बाहेर चपला वाजल्या. कमलाबाई आत आली आणि सगळ्यांचे चेहरे पाहून दारातच थबकली. "मी मंग येतो," ती म्हणाली.

"या," खैरुन म्हणाली. "तुमीच राह्यल्या होत्या. माझ्या लेकाचे शर्ट तुमी इकले म्हणे."

कमलाबाई मागे वळली नाही. नवरा वामनराव शाळेत शिपाई आणि ती स्वतः रोवणीला, कापणीला जाणारी. बोलताना ती घाई करत नसे. "इकले, खैरुनबाई. मले माहीत होतं ते कापड कोणाचं. तिनं पहिल्याच दिवशी सांगतलं. मी तिले म्हटलं, तुझा हात चालते तं लाव. तुमाले सांगायले पाहिजे होतं, ते नाई सांगतलं. ते माझं चुकलं. पण तिनं ती पहिली पिशवी शिवली, त्या दिवशी ती जेवली. त्याच्या आधी तुमीच रोज मले सांगत होत्या, ताट तसंच परत येते म्हणून."

खैरुनला ते आठवलं. ते खरं होतं.

"मी राजुऱ्याले नाई येत, भाई," रुखसार म्हणाली. "तुझं मन चांगलं आहे. पण नाई येत. अब्बा, मूलच्या बाजारात आपली जागा आहे. तुमी जुने कपडे मांडता, मी बाजूनं पिशव्या मांडीन. गठाणीतला फाटका माल तुमी तसाही फेकता. तो मी घेईन."

"आपल्या घरची बाई बाजारात कधी बसली नाई," नूर मोहम्मद हळूच म्हणाले.

"नाई बसली."

"लोक बोलतीन."

"बोलतीन, अब्बा. मी गेली तं अदीबाले बोलतीन, हिची माय सोडून गेली म्हणून. ते मले जास्त लागन."

म्हाताऱ्याने बराच वेळ दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "जागा मोठी आहे. दोघं मावतो."

खैरुन उठली. "बसा मंग. पण या घरातून उठून ही बाजारात जाईन, तं मले इथी घास नाई उतरणार. ती खोली मले पाहवत नाई. त्या यंत्राचा आवाज ऐकला की आता मले कात्री दिसन. तुमी ठरवा, मी राहू का ती."

तिने हे ओरडून सांगितलं नाही. म्हणून कुणाला ते खोडून काढता आलं नाही. नूर मोहम्मदांचा चेहरा उतरला. बायकोला ते ओळखत होते. ही धमकी नव्हती, तिच्याच्याने खरंच होणार नव्हतं.

"आमची समोरची खोली रिकामी आहे," कमलाबाई म्हणाली. "धान भरलेले कट्टे हलवले की झालं. भिंतीपलीकडेच आहे, दूर नाई."

रुखसारने मान डोलावली.

संध्याकाळच्या आत सामान हललं. सामान कितीसं होतं. मुनाफ चिडला होता आणि लाजलाही होता. बराच वेळ तो ओट्यावर बसून राहिला. मग जुबेर एकटा शिवणयंत्राला हात घालताना दिसला, तसा तो उठला आणि त्याने दुसरी बाजू धरली. दोघांनी एकमेकांशी न बोलता यंत्र अंगणातून नेलं. कमलाबाईच्या दारात ते तिरपं करावं लागलं, तेव्हा मुनाफ म्हणाला, "जरा खाली घे," आणि जुबेरने घेतलं.

"तू सांगायले नको होतं," आत यंत्र टेकवल्यावर मुनाफ म्हणाला.

"मले माहीत आहे."

"मी तिचं वाईट करत नव्हतो."

"तेही माहीत आहे, मुनाफभाई."

मुनाफने आणलेला नवा जोडा पिशवीतच राहिला होता. तो त्याने खोलीच्या कोनाड्यात ठेवला आणि राजुऱ्याच्या गाडीसाठी निघाला. रुखसार त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेली. "पुढच्या महिन्यात भाभीले घेऊन येजो," ती म्हणाली, आणि त्याने येतो म्हणून सांगितलं.

परत येऊन ती सासरच्या घरात शिरली. शेवटचं एक गाठोडं उरलं होतं, त्यात अदीबाचे कपडे आणि पुस्तकं होती. पोरगी त्याच्याजवळ उभी होती, पण उचलत नव्हती. खैरुन भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. त्या तांदळात निवडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"चल," रुखसार म्हणाली.

"दादी एकटी झोपन?" अदीबाने विचारलं.

"दादा आहेत."

"दादा घोरतात. दादी उठून बसते. मंग मी तिच्याशी बोलते."

हे रुखसारला ठाऊक नव्हतं. नदीम गेल्यापासून पोरगी दादीजवळच झोपत होती. आतल्या खोलीत रुखसारला स्वतःचंच रडणं पुरत होतं, तेव्हा लेकराचं झोपणं-उठणं सासूने पाहिलं होतं. ती खैरुनच्या पाठीकडे पाहत उभी राहिली. या बाईने तिची पोर हिरावून घेण्याचा घाट घातला होता, ते ती विसरली नव्हती. कधी विसरेल असंही तिला वाटत नव्हतं. पण ती पाठ एका बाजूला कललेली होती, आणि हात सुपात तसाच फिरत होता.

तिने गाठोडं सोडलं. पोरीची दप्तराची पुस्तकं आणि शाळेचा एक ड्रेस काढून घेतला. बाकीचे कपडे परत खुंटीवर टांगले.

"अम्मा," ती म्हणाली, "अदीबा माझ्याकडे जेवन. अभ्यास माझ्याकडे करीन. झोपायले तुमच्याजवळ येत जाईन. सकाळची वेणी तुमीच घाला. मले बाजाराची तयारी राहीन."

खैरुनचा हात थांबला. तिने वळून पाहिलं नाही. हेच तिने मागच्या दाराने मिळवायचं ठरवलं होतं, त्यासाठी परक्या माणसाशी बोलणी केली होती, आणि आता ते तिच्यासमोर कुणी नुसतंच ठेवून जात होतं. आपण काही बोललं पाहिजे हे तिला कळत होतं. शब्द जमेपर्यंत रुखसार अंगण ओलांडून गेली होती.

बाजाराच्या दिवशी नूर मोहम्मद लवकर निघाले. रुखसार त्यांच्या मागून, थोडं अंतर ठेवून, डोक्यावर पिशव्यांचं गाठोडं घेऊन गेली. शेजारच्या ओट्यांवरून बाया पाहत होत्या. खैरुन दारात आली नाही. आत बसून तिने अदीबाची वेणी घातली. आज वेणी घट्ट आली आणि पोरगी दोनदा कुरकुरली.

शाळा दुपारची होती. त्याआधी बाजारात जाऊन आईला डबा द्यायचा होता. कमलाबाईने डबा बांधून दिला होता. अदीबाने चपला घातल्या, खांद्याला दप्तर अडकवलं आणि उंबऱ्यात थांबून विचारलं, "दादी, मम्मीले काही सांगू?"

"काही नाई सांगायचं," खैरुन म्हणाली.

पोरगी पायऱ्या उतरली. अंगणाच्या फाटकापर्यंत पोहोचली, तेव्हा मागून हाक आली. खैरुन दाराची चौकट धरून उभी होती. तुसाच्या धुळीत तिचे डोळे बारीक झाले होते.

"सांग तिले," ती म्हणाली, "त्या जागेवर दुपारी ऊन तोंडावर येते. नदीम सावलीचं पाल डाव्या बाजूनं बांधे."